घोड्याच्या पिक्चरचं शेवटचं रीळ

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "तंबू टॉकीजमधल्या तुमच्या गोड आठवणी हव्यात," ते म्हणाले. "ते जुने इंग्रजी सिनेमे, ती हलकीफुलकी प्रेमकहाणी, तो निरागस काळ. लोकांना अजून त्याची मोहिनी आहे, बाई." मी म्हटलं, लिहीन, पण गोडाची हमी देत नाही. ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

निरागस हा शब्द मी हल्ली इतक्या जणांच्या तोंडून ऐकलाय की पुन्हा कोणी उच्चारला तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. का, ते पुढे सांगते. आधी माझी नोकरी काय होती ते सांगायला हवं, कारण ती आता कोणी करत नाही आणि तेव्हाही फारसं कोणी करत नव्हतं.

मी एस्तर. नगरची. आता पाट्यांवर अहिल्यानगर आहे, पण माझ्या तोंडात नगरच येतं. जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये मी इंग्रजी सिनेमा सांगायचे. सांगायचे म्हणजे मशीनशेजारी स्टुलावर बसून, माईक तोंडाशी धरून, पडद्यावरची गोरी माणसं काय बोलताहेत ते मराठीत बोलायचे. हिरोही मीच, हिरॉइनही मीच, आणि घोडा खिंकाळला तर तो का खिंकाळला हेही मीच. खेड्यातल्या बायका मला इस्तरबाई म्हणायच्या.

इंग्रजी मला आलं ते दोन ठिकाणांहून. शाळा मिशनची. आणि आई लष्करातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर आया होती. रविवारी सकाळी लष्कराच्या थिएटरात साहेब लोकांसाठी इंग्रजी सिनेमा असायचा. मुलांना सांभाळायला आई जायची, आईबरोबर मी. मागच्या भिंतीला टेकून, फरशीवर बसून मी ते सगळे पाहिले. मारामारीचे मला कधीच आवडले नाहीत. मला आवडायचे ते भांडणाचे. बाई आणि पुरुष पहिल्या भेटीतच एकमेकांवर उखडतात, मग पुढचे दोन तास नुसते बोलतात. गाडीत बोलतात, जिन्यात बोलतात, ओले चिंब होऊन बोलतात. त्याने एक टोला मारला की ती दोन मारते. आणि तो हात उचलत नाही. ऐकून घेतो, चिडतो, निघून जातो, आणि दुसऱ्या दिवशी आणखी ऐकायला परत येतो. घरी आमचे वडील आईचं अर्धं वाक्यसुद्धा ऐकून घ्यायचे नाहीत. त्या सिनेमांची मोहिनी कशात आहे असं विचारत असाल तर माझं उत्तर एवढंच आहे. कपडे, टोप्या, काळापांढरा उजेड, हे सगळं नंतरचं.

तंबू ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. मोकळं मैदान, भोवती कनात, वर कापड, खाली माती. मधून एक दोरी. दोरीच्या अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. मशीन एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की दिवे लागायचे, दुसरं चढेपर्यंत लोक बिड्या ओढायचे आणि बायका पोरांना भाकरीचा तुकडा द्यायच्या. अंधार पडला की पहिला खेळ. मशीनवर गफूरमामा होते, भिंगारचे. माणूस कमी बोलायचा. फिल्म कुठे तुटणार हे त्यांना आवाजावरून आधी कळायचं.

तंबूचे मालक बन्सीशेठ. जत्रेत दोनतीन तंबू लागले की नवा हिंदी पिक्चर मोठ्या तंबूवाल्याला मिळायचा आणि आमच्या शेठना उरलंसुरलं. तेव्हा त्यांनी स्वस्तात जुने इंग्रजी पिक्चर आणायला सुरुवात केली. बाहेर पेंटरकडून त्यांना हवी तशी बाई काढून घ्यायची. अशी की जिचा त्या पिक्चरशी काही संबंध नाही आणि कपड्यांशी तर मुळीच नाही. पुरुष लोंढ्याने यायचे. बायका का यायच्या, तर मोठ्या तंबूत जागा मिळायची नाही म्हणून.

पहिला असा खेळ पुणतांब्याकडच्या एका जत्रेत झाला. मी तेव्हा फक्त तिकिटं फाडायचे. पहिलं रीळ संपेस्तोवर लोक शांत. दुसऱ्यात कुजबुज. तिसऱ्याला एकाने कनात फाडायला घेतली. "पोस्टरावरची बाई कुठाय? दोघं नुसती बडबड करायलीत!" शेठ पांढरेफटक पडले. मी "थोड्याच वेळात खेळ सुरू होत आहे" म्हणायचा माईक उचलला आणि म्हटलं, "पोस्टरवरच्या बाईला सर्दी झाली, ती आलेली नाही. पण ही जी आहे ती काय म्हणतेय ते ऐका. ती त्याला म्हणतेय, तुमच्या घोड्याचं पोट दुखतंय ते मला समजलं. तुमचं डोकं का दुखतंय ते समजत नाही." आधी बायकांच्या बाजूने हसू आलं. मग दोरीच्या अलीकडूनही. कनात फाडणारा खाली बसला.

तेव्हापासून मी सांगायला लागले. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. एकेक वाक्य पकडून भाषांतर करायला गेलात तर माणसं दोन वाक्यं पुढे गेलेली असतात आणि तुम्ही मागे धापा टाकत. ऐकायचं, सार धरायचं, आणि त्यांनी श्वास घेतला की त्या फटीत बोलायचं. आवाज बदलायचा नाही, नाहीतर नकला होतात. आणि ते दोघं जवळ आले, की मी भरभर बोलत सुटायचे, म्हणजे लोकांचं लक्ष माझ्याकडे राहावं आणि शिट्ट्या वाजू नयेत. गफूरमामा तेवढ्यापुरता भिंगासमोर हात धरायचे, पण त्यांचा हात नेहमी उशिरा यायचा.

सगळ्यांत चालला तो हाच, घोड्याचा पिक्चर. नाव वेगळं होतं, पण लोकांनी हेच ठेवलं. त्यात हिरॉइन जनावरांची डॉक्टर, आणि हिरो एक श्रीमंत, हेकट माणूस. त्याचा लाडका घोडा आजारी पडतो. बाईच्या हातात माझा घोडा देणार नाही, असं तो म्हणतो. घोडा मात्र तिच्याशिवाय कोणाला जवळ येऊ देत नाही. बस, एवढंच. पण आमच्या दूधदुभत्याच्या मुलखात जनावरांची डॉक्टरीण म्हणजे घरातलीच बाब. राहात्याकडचा एक म्हातारा ऐन रंगात उठून उभा राहायचा आणि पडद्याकडे हात करून ओरडायचा, "ओ डाक्टरीनबाई, हिंग द्या त्याला, हिंग!" तंबू जिथे जाईल तिथे तो दोनतीनदा आला. त्याला खरंच काळजी वाटायची.

आणि शेवटच्या रिळात तो हिरो डॉक्टरीणबाईच्या फाटकाशी घोडा घेऊन येतो. मी सांगायचे ते असं. ती विचारते, का आलात? तो म्हणतो, घोडा आजारी आहे. ती म्हणते, घोडा तर ठणठणीत दिसतो. तो म्हणतो, मग मी आजारी असेन. ती म्हणते, मी फक्त जनावरांना औषध देते. तो म्हणतो, म्हणूनच आलो. इथे तंबू हसून लोळायचा. आणि मग तो टोपी काढतो आणि म्हणतो, "माझं चुकलं." ती म्हणते, "मोठ्याने म्हणा. शेजाऱ्यांना ऐकू गेलं नाही." तो मोठ्याने म्हणतो, आणि ती फाटक उघडते.

हे आलं की दोरीपलीकडे एकदम शांतता व्हायची. तान्ह्या पोरांचीही. मी कितीतरी गावांत ती ऐकली. बायका दुसऱ्या दिवशी जावांना, नणंदांना घेऊन परत यायच्या. पिक्चर माहीत असायचा. फक्त तेवढं ऐकायला यायच्या.

कर्जतच्या पुढे एका गावात आमचा मुक्काम होता. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी गावचे पुढारी तंबूत आले. त्यांना सगळे आबा म्हणायचे. मैदान त्यांच्या शब्दावर मिळालेलं. मी चुलीपाशी होते.

"शेठ, ह्यो कसला पिक्चर आनलाय तुमी?" आबा म्हणाले. "काल माज्या सुनंनं पोराला खोलीत घेतलं न्हाई. आतनं कडी. म्हनती, आदी म्हना माजं चुकलं, मंग या. आख्खी आळी गोळा झाली."

"मग म्हणाला का तो?" मी विचारलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ह्या बाईला गप करा," ते शेठना म्हणाले. "कडी तोडावी लागली आमाला."

मुलाने काय केलं होतं ते मला नंतर समजलं. कालवणात मीठ जास्त झालं म्हणून गरम ताट बायकोच्या अंगावर भिरकावलं होतं. कडी तोडून आत गेल्यावर काय केलं, ते मी विचारलं नाही.

शेठनी मार्ग काढला. खेळ बंद करायचा नाही, शेवटचं रीळ लावायचं नाही. मी भांडले. "दोन तास भांडण दाखवायचं आणि निकाल दाखवायचा नाही?"

"शेवटी असतं काय, बाई? गळ्यात पडतात. त्यांचा निकाल कोणाला पाहिजे?"

"बायकांना पाहिजे."

"बायका पोस्टर बघून येत नाहीत," शेठ म्हणाले, आणि रिळाचा डबा आपल्या ट्रंकेत घालून वर बसले.

त्या संध्याकाळी बायकांची बाजू दोरीपर्यंत भरली. सगळ्यांत पुढे आबांची सून, मंगल. वीसबावीस वर्षांची, एका हातात बांगड्या, दुसरा मनगटापासून ओका. रीळ बदलताना दिवे लागले तेव्हा ती उठून माझ्याजवळ आली. "बाई, आज बी म्हनंल ना त्यो?" तिने विचारलं.

"म्हणेल," मी म्हटलं. रीळ ट्रंकेत आहे हे मला माहीत होतं. पण त्या घटकेला मला इतका संताप आला होता की दुसरं काही तोंडातून निघणंच शक्य नव्हतं.

मग ट्रंकेतलं सोडून उरलेलं शेवटचं रीळ संपलं. गफूरमामांनी मशीनचा दिवा लगेच बंद करायला हवा होता. त्यांनी केला नाही. माझ्याकडे बघितलं आणि बिडी शोधायच्या निमित्ताने मान खाली घातली. पडद्यावर नुसता पांढरा चौकोन. पुरुष उठायला लागले. मी माईक तोंडाशी घेतला आणि म्हटलं, "बसा. फाटक आलंय. फाटकाशी घोडा आहे."

बसले. खरंच बसले. पांढऱ्या पडद्याकडे बघत सगळा तंबू बसला. घोडा आजारी आहे, ठणठणीत दिसतो, मग मी आजारी असेन. हसले सुद्धा. शेठ धावत आले, "बाई, बास!" म्हणाले आणि माईकची वायर खेचली. मी उठून दोरीपलीकडे गेले आणि बायकांमध्ये उभी राहून, घशाच्या शिरा ताणून पुढचं सांगितलं. त्याने टोपी काढली. तो म्हणाला, माझं चुकलं. ती म्हणाली, मोठ्याने म्हणा. तो मोठ्याने म्हणाला. मंगल पडद्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर तो उजेड होता, आणि मी सांगते, तिला तो घोडेवाला दिसत होता.

सकाळी शेठनी मला घालवलं. "पिक्चर सांगायला ठेवलं होतं, गावात आगी लावायला नाही," म्हणाले. गफूरमामांना ठेवलं, कारण मशीन दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. मी एसटीने नगरला आले, पुढे एका शाळेच्या कार्यालयात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आता निरागसपणाकडे येते. बन्सीशेठ गेले. त्यांचे चिरंजीव अभयशेठ यांचा नगरमध्ये मोठा हॉल आहे. वडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी या वर्षी जुन्या सिनेमाचा कार्यक्रम ठेवला. घोड्याचा पिक्चर त्यांनी इंटरनेटवरून शोधून काढला, खाली मराठी ओळी टाकून घेतल्या, आणि मला सत्काराला बोलावलं. मी गेले. एकदा पुन्हा पाहायचा होता, खोटं कशाला बोलू.

अभयशेठ माईकवर म्हणाले, "बाबांनी त्या काळी खेड्यापाड्यांत जागतिक सिनेमा नेला. काय निरागस प्रेक्षक होते ते! बाई आणि बाबांचं नातं तर बापलेकीचं. मध्ये काही गैरसमज झाले असतीलही..." आणि माझ्या खांद्यावर शाल टाकली. झाले असतीलही! रीळ ट्रंकेत घालून वर बसणं हा गैरसमज असतो हे मला त्या दिवशी समजलं. मी नारळ हातात धरून उभी होते आणि तो कुठे आपटावा याचा विचार करत होते.

खाली येऊन बसले तर शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारी. जाड भिंगाचा चष्मा, कपाळ मोकळं. "इस्तरबाई, वळखलं का?" म्हणाली. "म्या मंगल. नातसुनंनं मोबाईलवर तुमचा फोटू दावला. म्हनलं, जायाचंच."

मी तिचा हात धरला. घरच्यांची चौकशी केली.

"पोरांचा बाप गेला औंदा चैतात," ती म्हणाली. "वरीसभर अंथरुनात हुता. म्याच समदं केलं. वाटायचं, आता तरी म्हनंल. पानी मागितलं त्यानं, गोळी मागितली, पाय दाब म्हनला. त्ये काय म्हनला न्हाई." मग पदर सारखा केला. "म्हनून आले. त्या घोडंवाल्याचं तरी ऐकावं एकदा."

दिवे मालवले. एक गोष्ट मी गफूरमामांनाही कधी सांगितली नव्हती. तो घोडेवाला तसं म्हणत नाही. कधीच म्हणाला नव्हता. "म्हणूनच आलो" इथपर्यंत सगळं खरं आहे. त्यानंतर तो म्हणतो, बास झालं तुझं बोलणं, आणि तिचं तोंड आपल्या तोंडाने बंद करतो. संगीत वाजतं, समाप्त. दोन तास तिला बरोबरीने बोलू दिलं, म्हणून तर माझा त्या सिनेमांवर जीव, अजूनही आहे. आणि शेवटच्या मिनिटाला तिला गप्प केलं. लष्कराच्या थिएटरात फरशीवर बसून मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही मला राग आला होता. तंबूत माईक माझ्या हातात होता. गळामिठी झाकायला काहीतरी बोलायचंच होतं, तर मी त्याला बोलायला हवं होतं ते बोलले. ही कबुली नव्हे. मला त्याचं तिळमात्र वाईट वाटत नाही.

पण आता माईक माझ्याकडे नव्हता. खाली मराठी ओळी होत्या, स्वच्छ, बरोबर, एक शब्द इकडचा तिकडे नाही. हॉल हसत होता. मंगलही हसत होती, कोपराने मला ढोसत होती. तिला वाचता येतं, नातवंडांबरोबर शिकली म्हणे. फाटक आलं. घोडा आला. घोडा ठणठणीत दिसतो. मग मी आजारी असेन. म्हणूनच आलो. मंगलने माझा हात घट्ट धरला. त्याने टोपी काढली. खाली ओळ आली, "बास झालं तुझं बोलणं." संगीत वाजलं, नावं सरकली आणि पडदा पांढरा झाला.

दिवे लागले. अभयशेठ टाळ्या वाजवत पुढे आले. मंगल उठून उभी राहिली.

"ओ, हितं कापलंय," ती म्हणाली.

"काय आजी?"

"कापलंय हितं. त्यो म्हनतो, त्ये काढलंय तुमी. तुमच्या बापानं बी असंच केलं हुतं."

लोक हसले. अभयशेठही हसले, समजूतदारपणे. "आजी, पूर्ण सिनेमा आहे. एक सेकंदही कापलेला नाही. हवं तर बाईंना विचारा, त्या तर तेव्हाच्या." आणि त्यांनी तो माईक माझ्या हातात दिला.

हॉल माझ्याकडे बघत होता. मंगल बघत होती. तिच्या डोळ्यांत शंका नव्हती, नुसता राग होता, आणि तो माझ्याच रागाच्या जातीचा होता.

"कापलंय," मी माईकवर म्हटलं. "मी ऐकलंय ते. बसा सगळे. फाटक आलंय."

अभयशेठ "बाई, अहो बाई" करत राहिले. मी थांबले नाही. पांढऱ्या पडद्याकडे बघून मी सांगितलं, की त्याने टोपी काढली आणि तो म्हणाला, माझं चुकलं.

पुढचं वाक्य डॉक्टरीणबाईचं. मी श्वास घेतला, तेवढ्यात शेजारून मंगल बोलली, पडद्याकडे बघून, खणखणीत.

"मोट्यानं म्हन. ऐकाया आलं न्हाई."

मी माईक खुर्चीवर ठेवला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हटलं.